नाळेचं रक्त साठवायचं का? स्टेम सेलचे पैसे भरण्याआधी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन प्रश्न पुन्हापुन्हा डोकावतात. पहिला, घरात बाळंतपण जवळ आलेल्यांचा: बाळाच्या नाळेचं रक्त स्टेम सेल बँकेत ठेवायचं का? दुसरा जास्त हळवा: मुलाला ऑटिझम आहे, वडिलांना पक्षाघात झालाय, आईचे गुडघे गेलेत, अमुक शहरात स्टेम सेलची इंजेक्शनं देतात, नेऊ का?

दोन्हीकडे मोठी रक्कम गुंतलेली असते आणि दोन्हीकडे घाई असते. ही घाई बहुधा विकणाऱ्याची असते, घेणाऱ्याला फक्त तिची लागण होते. आमचं उत्तर आडपडदा न ठेवता आधीच देतो. बहुतेक कुटुंबांनी नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवण्याची गरज नाही. आणि रक्ताचे आजार सोडून इतर आजारांवर पैसे घेऊन स्टेम सेल देणाऱ्या दवाखान्यात जाण्याआधी खाली दिलेले प्रश्न विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

एवढं विज्ञान पुरेसं आहे

तुमच्या कातडीच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. प्रथिनं घडवणारी सुमारे 20,000 जनुकं दोन्हीकडे आहेत. फरक पडतो तो त्यातली कुठली चालू आणि कुठली बंद, यानं. घरात पंचांग एकच असतं. आजी त्यात एकादशी बघते, गुरुजी मुहूर्त बघतात, शेतावर जाणारा नक्षत्र बघतो. पेशीही आपापलं पान उघडून बसते. नको असलेली पानं मिटून ठेवायला तिच्याकडे रासायनिक खुणा असतात आणि कुठलं उघडायचं हे सांगायला नियंत्रक प्रथिनं.

मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, ही अजून पूर्ण घडायची राहिलेली पेशी. पण म्हणून ती काहीही होऊ शकते असं नाही. नाळेच्या रक्तातल्या किंवा अस्थिमज्जेतल्या मूलपेशींचा मार्ग बराचसा ठरून गेलेला असतो. त्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तयार करतात आणि ते काम उत्तम करतात. पाठीच्या कण्यात टोचल्या म्हणून त्या मेंदूच्या पेशी होत नाहीत, कारण तसं होण्यासाठी लागणारी जनुकं त्यांच्यात बंद आहेत आणि ती चालू करणारे संकेत इंजेक्शनबरोबर जात नाहीत.

'पण शास्त्रज्ञांनी कातडीच्या पेशीपासून मूलपेशी केली ना?' केली. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांचं घड्याळ मागे फिरवलं, 2007 मध्ये माणसाच्या पेशींत, आणि 2012 मध्ये जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. ते काम प्रयोगशाळेत कित्येक आठवडे चालतं. सकाळी पोटाची चरबी काढून दुपारी तीच गुडघ्यात टोचणाऱ्या दवाखान्याचा त्याच्याशी संबंध नाही, भिंतीवर यामानाकांचा फोटो लावला असला तरी.

तुमच्या निर्णयासाठी यातून दोनच प्रश्न लक्षात ठेवा. या पेशीतली जनुकं निरोगी आहेत का? आणि तिला जे काम करायला सांगताय ते तिचं आहे का?

'ऐंशी आजारां'ची यादी कशी वाचायची

बँकेच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की मूलपेशींनी ऐंशीहून अधिक आजार बरे होऊ शकतात. यादी खोटी नसते. ते आजार कुणाच्या पेशींनी बरे होतात, हे तिथे लिहिलेलं नसतं.

त्या यादीतला मोठा भाग थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आणि चयापचयाचे आजार यांचा आहे. हे जनुकातल्या दोषाचे आजार. बाळाला थॅलेसेमिया असेल तर तोच दोष त्याच्या नाळेच्या रक्तातल्या प्रत्येक मूलपेशीतही असतो. तेच रक्त पुन्हा देऊन काय साधणार? त्याला दुसऱ्याच्या निरोगी पेशी लागतात. रक्ताच्या कर्करोगाचंही बरंचसं असंच आहे: लहान मुलांच्या ल्युकेमियात कर्करोगाकडे नेणारा पहिला बिघाड अनेकदा जन्माच्या वेळीच रक्तात सापडतो, म्हणून डॉक्टर सहसा त्या मुलाचं स्वतःचं नाळेचं रक्त वापरत नाहीत.

नाळेच्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांच्या चमूनं केलं. रुग्ण मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया होता आणि रक्त होतं त्याच्या नवजात बहिणीचं. पुस्तिकेत ही गोष्ट असतेच; 'बहिणीचं' हा शब्द मात्र बारीक असतो.

मग स्वतःचं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, मार्गदर्शक सूचनांत आयुष्याच्या पहिल्या 20 वर्षांसाठी ती 0.04 ते 0.0005 टक्के दिली आहे. सोप्या हिशेबात, अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. म्हणूनच परिषदेनं खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही, आणि 'जैविक विमा' हा शब्द दिशाभूल करणारा आहे. विम्यात निदान वेळ आली की पैसे मिळतात.

आणखी तीन दावे कानावर येतील:

- 'आजी-आजोबांनाही उपयोग होईल.' एका नाळेतून साधारण 80 ते 120 मिलीलीटर रक्त मिळतं. त्यातल्या पेशी लहान मुलाला पुरतात. मोठ्या माणसाला एक पिशवी बहुधा अपुरी पडते. शिवाय ऊतींची जुळणी व्हावी लागते ती वेगळीच.
- 'नाळेचा तुकडा, वार, दुधाचे दातही साठवा.' आयसीएमआरच्या 2017 च्या सूचनांनुसार साठवणुकीची परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला आहे. बाकीच्यांना शास्त्रीय आधार नाही. 'पॅकेज' महाग होतं ते यांच्यामुळे.
- 'पुढे जनुकोपचार येतील, तेव्हा हे रक्त कामी येईल.' हा दावा सुशिक्षितांना जास्त पटतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

गर्भात असताना बाळाच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचं जनुक मिटत जातं आणि प्रौढ हिमोग्लोबिनचं जनुक जोरात चालू होतं. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियात दोष या दुसऱ्या जनुकात असतो. म्हणून जन्मतः ठणठणीत असलेलं बाळ काही महिन्यांनी फिकट पडू लागतं. गर्भीय जनुक मिटवणारं एक नियंत्रक प्रथिन आहे, बीसीएल 11 ए. रुग्णाच्या मूलपेशींत त्याची कळ क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं निकामी केली की गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटननं नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. मान्यता 12 वर्षांवरील रुग्णांसाठी होती, अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, आणि आधी जोरकस केमोथेरपी. आता मुद्दा: या उपचारासाठी मूलपेशी रुग्णाच्या वाहत्या रक्तातून त्याच वेळी गोळा करतात. नाळेची पिशवी लागत नाही.

कुणी जरूर साठवावं

एकच परिस्थिती अशी आहे जिथे आम्ही आग्रहानं 'हो' म्हणू. घरात आधीच्या मुलाला मूलपेशी प्रत्यारोपणानं बरा होणारा आजार आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे. अशा वेळी येणाऱ्या भावंडाच्या नाळेचं रक्त अमूल्य असतं; सख्ख्या भावंडांची जुळणी होण्याची शक्यता चारात एक. आयसीएमआरही या साठवणुकीला मान्यता देते. पण हा निर्णय बँकेच्या प्रतिनिधीबरोबर नको, रक्तविकारतज्ज्ञाबरोबर घ्या, आणि सहाव्या महिन्याआधी. येणाऱ्या बाळालाही तोच आजार आहे का, याची गर्भावस्थेतली तपासणी त्यांनाच ठरवू द्या.

बाकीच्यांनी बाळंतपणाच्या वेळी वेगळीच गोष्ट मागावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर किमान एक मिनिट, शक्यतो एक ते तीन मिनिटं थांबून नाळ बांधावी. तेवढ्यात जास्तीचं रक्त बाळाकडे जातं आणि त्याचा लोहाचा साठा वाढतो. बँकेला मात्र पिशवी भरलेली हवी असते. साठवायचं ठरवलंत तरी 'आमच्यासाठी नाळ लवकर बांधू नका' असं डॉक्टरांना आधीच, शक्यतो लेखी, सांगा. रक्त थोडं कमी भरलं तर भरू दे.

तरीही साठवायचंच असेल तर

सासर-माहेरच्या आग्रहापुढे किंवा स्वतःच्या समाधानासाठी काहीजण साठवतात. पैसे तुमचे, निर्णय तुमचा. एवढं मात्र विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या:

1. औषध नियंत्रण विभागाचा चालू परवाना आहे का? त्याची प्रत द्या. परदेशी मानांकनाची चिन्हं परवान्याची जागा घेत नाहीत.
2. प्रक्रियेनंतर एकूण पेशी किती आणि जिवंत किती, याचा अहवाल किती दिवसांत मिळेल? पेशी अपुऱ्या निघाल्या किंवा जंतुसंसर्ग आढळला तर पूर्ण पैसे परत मिळतील का?
3. आजवर तुमच्याकडच्या किती पिशव्या प्रत्यक्ष प्रत्यारोपणाला गेल्या? त्यातल्या किती स्वतःच्या मुलासाठी?
4. पिशवी कुठल्या शहरात राहील, आणि कंपनी बंद पडली तर कुणाकडे जाईल?
5. 'सामुदायिक' योजनेत आमची पिशवी दुसऱ्याला दिली तर आमच्या वाट्याला काय उरतं?

तिसऱ्या प्रश्नावर प्रतिनिधी बहुधा 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणतो. वाट बघा. सही प्रसूतिकळा सुरू असताना करू नका; ते फॉर्म तेव्हाच पुढे येतात. आणि तुमच्या डॉक्टरांना या नोंदणीतून काही मोबदला मिळतो का, हे विचारण्यात अवघडण्यासारखं काहीही नाही.

त्याआधी करायच्या, कितीतरी स्वस्त तपासण्या

आम्हाला वाईट वाटतं ते इथे. जनुकीय आजाराच्या भीतीपोटी लोक साठवणुकीला हजारो रुपये मोजतात आणि तो आजार टाळणारी तपासणी राहून जाते.

थॅलेसेमियाचे वाहक धडधाकट असतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एचपीएलसी नावाच्या रक्ततपासणीत वाहक कळतो. लग्नाआधी, ते जमलं नसेल तर गरोदरपणाच्या पहिल्या भेटीतच ती करून घ्या. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी कुटुंबांत प्रमाण जास्त आहे, पण 'आमच्यात नसतं' असं कुणीच गृहीत धरू नये. सिकलसेलचा भार विदर्भ आणि नंदुरबारकडच्या आदिवासी व इतर काही समाजांत मोठा आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झालं, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी मोफत होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

दोघंही वाहक निघालात तर घाबरू नका, पण वेळ दवडू नका. साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांशी बोला. जुनं, स्वस्त, तोंडानं घेण्याचं हे औषध वर सांगितलेलं तेच गर्भीय हिमोग्लोबिन वाढवतं आणि वेदनांचे झटके कमी करतं. ते सुरू असताना रक्ताची तपासणी नियमित लागते, एवढंच.

इंजेक्शनं देणाऱ्या दवाखान्यात

भारतात प्रस्थापित उपचार म्हणून मान्य आहे ते रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांवरचं रक्तनिर्मिती मूलपेशींचं प्रत्यारोपण. काही मोजकी पेशी-उत्पादनं औषध म्हणून मंजूर आहेत. उदाहरणार्थ गुडघ्याच्या झिजेसाठीच्या एका उत्पादनाला 2022 मध्ये परवानगी मिळाली. पण ती परवानगी त्या उत्पादनाला आणि त्या आजाराला. तिचा कागद दाखवून मधुमेहावर इंजेक्शन विकता येत नाही. बाकी सगळं संशोधन आहे, आणि संशोधन परवानगी घेतलेल्या चाचणीतच होऊ शकतं. ऑटिझमबद्दल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं की स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो देणं, त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल.

'तुमच्याच पेशी आहेत, अपाय कसा होईल?' हे वाक्य हमखास ऐकू येतं. फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात 2015 मध्ये तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या आणि तिघींची दृष्टी गेली किंवा अतिशय अधू झाली. दुसऱ्याच्या पेशींचा धोका वेगळा: मॉस्कोत गर्भाच्या मेंदूतल्या मूलपेशी दिलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि कण्यात त्याच पेशींच्या गाठी झाल्या, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. चुकीच्या जागी सोडलेली पेशी तिथे नेमकं कुठलं जनुक चालू करेल, हे कुणी सांगू शकत नाही.

म्हणून विचारा: आजाराचं नाव घेऊन, *या आजारासाठी* औषध महानियंत्रकांची मंजुरी कुठे आहे? सुधारणा झाली हे कशावरून मोजणार? सोबत सुरू ठेवायला सांगितलेल्या फिजिओथेरपीचा त्यात वाटा किती? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बरेचदा दिसणारा फरक फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीचाच असतो, आणि तीन महिन्यांनी 'दुसरा डोस' सुचवला जातो. व्हिडिओतल्या रुग्णांची भावुक मनोगतं पुरावा म्हणून धरू नका.

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातल्या 'सफरचंदाच्या स्टेम सेल'च्या क्रीमबद्दलही एक पत्र आलं होतं. सफरचंद खा.

चाचणीत सहभागी होताना तुमचे हक्क

खऱ्या चाचणीत भाग घेणं चांगलंच. उपचार तिथूनच पुढे येतात. पण 2019 च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांखाली आणि आयसीएमआरच्या सूचनांखाली तुम्हाला पुढील गोष्टी मिळायलाच हव्यात.

- प्रायोगिक उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेतले जाऊ नयेत. 'चाचणी आहे, पण दोन लाख भरा' असं कुणी म्हटलं की तिथेच उठा.
- समजेल अशा भाषेतलं, म्हणजे मराठी हवं तर मराठीतलं, संमतिपत्र आणि त्याची प्रत.
- चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नियमानुसार भरपाई.
- कारण न देता कधीही बाहेर पडण्याची मोकळीक. नेहमीचे उपचार त्यानं थांबत नाहीत.

चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागा आणि भारतीय चाचणी नोंदणीच्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. त्या पानावर औषध महानियंत्रक आणि नीतिमत्ता समितीच्या मंजुरीचे रकाने असतात, ते भरलेले आहेत का ते बघा.

प्रत्यारोपण खरंच लागलं तर

टाटा मेमोरियलमध्ये देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये झालं. बोरिवलीत मुंबई महापालिकेचं मुलांच्या थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपणाचं केंद्र आहे. जुळणारं भावंड नसेल तर दात्रीसारख्या दाता नोंदणी संस्थांत शोध घेतात, आणि आता आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींचं प्रत्यारोपणही अनेक ठिकाणी होतं. साठवलेल्या नाळेची गरज आणखी घटली ती यामुळे. खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि थॅलेसेमियासाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना यांची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात करा. थॅलेसेमिया आणि सिकलसेल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहेत, तेव्हा प्रमाणपत्राचंही विचारा.

नात्यात-शेजारात कुणी तरुण निरोगी असेल तर त्यानं दाता म्हणून नाव नोंदवावं. गालाच्या आतून कापसानं नमुना घेतात. पुढे जुळणी झालीच तर बहुतेक वेळा रक्तदानासारखंच, यंत्रातून, मूलपेशी वेगळ्या करून घेतात. त्याआधी काही दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात.

फसवणूक झाली असं वाटत असेल तर

उपचाराची कागदपत्रं लेखी मागा. मागणीनंतर 72 तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टरांविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, अपस्मार बरे करण्याची जाहिरात 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानं निषिद्ध आहे. जाहिरातीचा फोटो, तारखेसह, अन्न व औषध प्रशासनाला पाठवा. पैशांसाठी ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, कंपनी चेन्नईची असो वा गुरुग्रामची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सल्ल्यासाठी 1915 हा दूरध्वनी क्रमांक. करारात 'वाद लवादाकडेच न्यावा' असं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

करार आधीच झाला असेल तर

झालेल्या खर्चापायी पुढचा खर्च करत राहू नका. करार काढून पाहा: वार्षिक हप्ता थांबवला तर काय होतं, पिशवी नष्ट करतात की संशोधनाला देतात, आणि त्यासाठी तुमची लेखी संमती घेतात का. पूर्ण रक्कम भरून झाली असेल तर पिशवी राहू द्या, त्यात तोटा नाही. फक्त पेशीसंख्येचा अहवाल आणि मूळ करार बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवा आणि घर किंवा मोबाईल नंबर बदलला की बँकेला कळवा. मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ती पिशवी कुणाच्या नावे होते, हेही करारात शोधा. सापडलं नाही तर लेखी विचारून घ्या.